चार नावांनंतरची जागा

१५ ऑक्टोबर, मांगवोन-दोंग, सोल

सोदाम,

माझं सगळं बदललं ते काल संध्याकाळी सहा वाजता, कंपनीच्या ऑफिसात, गाडीचे आरसे पुसायचं ओलं फडकं हातात असताना.

सहाला गाणं बाहेर आलं. सगळे मोठ्या पडद्यासमोर गोळा झालेले. आपल्या जुन्या ‘सिल्बी’ गटाच्या चौघी गायिका सोफ्यावर एकमेकींचे हात धरून बसलेल्या, आणि मागे आमचे मालक बोंगसाहेब, निकालाच्या फळ्यासमोर उभं राहावं तसे. इतक्या वर्षांनी नवं गाणं. चाळिशीला टेकलेल्या बायकांचं आता कोण ऐकणार, असं पोरंटोरं इंटरनेटवर आधीच लिहून मोकळी झालेली.

‘दुसरी बाजू’ सुरू झालं. आधी कॅसेटची खरखर, मग ते डबाक-डबाक जुनाट ड्रम मशीन, मग काचेच्या ग्लासवर चमचा मारावा तसा कीबोर्ड. आपल्या आईबापांच्या लग्नाच्या व्हिडिओत वाजतं तसलं. तुला काय सांगतोय मी? या गाण्याचा नमुना तूच तर गाऊन दिला होतास.

दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात ना, तिथे रियॉन मॅडमचा आवाज एकटाच वर चढला. खोलीत टाळ्या कडाडल्या. बोंगसाहेब डोळे पुसत ओरडले, “बघा! हिचा गळा अजून पंचविशीतच आहे!” रियॉन मॅडम हसल्या. नुसत्या ओठांनी.

तो गळा रियॉन मॅडमचा नव्हताच.

शपथेवर सांगतो. वरच्या सुराआधी तू घेतेस तो श्वास. डबकं ओलांडायच्या आधी माणूस घेतो तसला, अर्धाच. विद्यापीठामागच्या त्या नाणं टाकून गायच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अडचणीत बसून, मी तो इतक्यांदा ऐकलाय की झोपेतून उठवलंस तरी ओळखेन.

त्यांनी तुला विचारलं तरी का? तुझं काम नमुना गाण्याचं. तू गायचं, ते ऐकून मोठ्या बाईंनी गायचं, आणि तुझा आवाज पुसून टाकायचा, असंच असतं ना दर वेळी? मग या वेळी का नाही पुसला? आणि पुसला नाही तर तुझं नाव कुठे आहे? गीतकाराचं आहे, संगीतकाराचं आहे, केस विंचरणाऱ्या बाईचंसुद्धा आहे!

तू मात्र “येऊ नकोस, शोधू नकोस” एवढा निरोप ठेवून मावशीच्या बेटावर जाऊन बसलीस. फोन बंद. शोधायला मला फार अक्कल लागली नाही, योकजी बेटाची रताळी आणि योकजीची मावशी याशिवाय तू दुसरं बोलतेस तरी काय? म्हणून हे कागदावर. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, “आजोबांना पाठवताय का?” मी हो म्हणालो.

दोन वर्षांनी मोठी म्हणून तू मला ‘नूना’च, म्हणजे ताई, म्हणायला लावतेस. नुसतं नाव घेतलं की कान पिळतेस. कागदावर तरी कान पिळता येणार नाही. सोदाम, सोदाम, सोदाम.

मी इंचॉनचं कॉलेज अर्ध्यावर टाकून तुझ्या मागे इथे आलो, तुझ्याच शब्दावर या कंपनीची गाडी चालवायला लागलो. ते तुझा आवाज दुसऱ्याच्या तोंडी बघायला नाही. मला राग आलाय. आणि रागाच्या खाली काहीतरी वेगळंच आहे. माझ्याच्यानं गप्प बसवत नाही हे तुला माहीत आहे. बसलोय. अजून तरी.

हानसोल


१७ ऑक्टोबर

नूना,

हो, नूना. आज तुझं नाव लिहायची माझी हिंमत नाही. का, ते खाली येईल.

इकडे थंडी पडलीये. रस्ताभर जिंकोची फळं पडलीत आणि तो कुजका वास बुटांना लागून घरात येतो. काल मी किंबाप खाल्ला, त्यात मुळा जास्त होता. गाडीचं मागचं चाक बदललं.

बरं, लिहितो.

आज ‘सिल्बी’चं टीव्हीवरचं पहिलं गाणं होतं. संध्याकाळी दाखवतात ते पहाटेच चाहत्यांसमोर गाऊन घेतात, तुला ठाऊकच आहे. उजाडायच्या आत स्टुडिओबाहेर ही रांग! रांग कसली, शाळेच्या पालकसभेला असतात तशा सगळ्या बायका. कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कुणाच्या पाठीला पोर. हातात मात्र तेच निळे दिवे, शाळकरी वयात घेतलेले, चिकटपट्टी लावून लावून जपलेले.

मी पाण्याच्या बाटल्या वाटत होतो. जंगिमकाकू पुठ्ठ्याचा भोंगा करून हुकूम सोडत होत्या. जंगिमकाकू म्हणजे ‘सिल्बी’च्या चाहत्यांमधल्या थोरल्या जाऊबाई, पहिल्या गाण्यापासूनच्या.

“बायांनो, गुडघे दुखत असतील तर आत्ता सांगा! आत बसायला मिळणार नाही!”

“काकू, मी कॅसेट विकत घेतली,” एक नवी पोरगी म्हणाली, “पण ही लावायची कशात?”

“लावायची नसते गं. उशाशी ठेवायची.”

हशा पिकला. मग काकूंनी घोष शिकवला. कडवं संपलं की चौघींची नावं, एकामागून एक, आडनावासकट, ठोक्यावर. पूर्वी पाच असायची. पाचवी हेरन केव्हाच सोडून गेली, कॅनडात संसाराला लागली. नवं गाणं बनवणाऱ्यानं मात्र पाचव्या नावाची जागा तशीच ठेवलीये, रिकामी.

“नीट ऐका,” काकू म्हणाल्या. “चार नावं, मग एक ठोका गप्प. त्या गप्प ठोक्यात रियॉन वर जाते. तिथे कुणी खोकलंसुद्धा तर माझ्याशी गाठ आहे. ज्याच्या तोंडून हेरन निघेल त्यानं अख्ख्या रांगेला कॉफी पाजायची!”

आत गेलो. मी कठड्यापाशी, चाहत्यांच्या बाजूला उभा. गाणं सुरू झालं, कडवं संपलं. “मा रियॉन! कु सूओक! पी मिहे! नो योनदू!” आणि पाठोपाठ, अख्ख्या हॉलच्या तोंडून, सवयीनं, “बान हेरन!”

सगळ्यात मोठ्यानं जंगिमकाकूच.

एक क्षण कुणाला कळेना हसावं की काय करावं. मग रंगमंचावर मिहे मॅडम तोंड झाकून रडायला लागल्या आणि खाली निम्म्या बायका रडायला लागल्या. काकू ओरडत होत्या, “पाजते, पाजते कॉफी, गप्प बसा मेल्यांनो!” पण त्यांच्या स्वतःच्या नाकातून पाणी.

वरून दिग्दर्शकाचा आवाज आला, “पुन्हा. पुढचे गायक दाराशी उभे आहेत. हा शेवटचा.”

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी ओठ आवळून धरले. चार नावं झाली. आणि मग असा शुकशुकाट, नूना, की दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती. त्या शुकशुकाटात अर्धा श्वास, आणि तू.

एवढ्या माणसांनी मिळून एक जागा रिकामी ठेवली होती. त्या जागेत तू उभी होतीस आणि कुणालाच दिसत नव्हतीस. मी ठरवून केलं नाही. ठरवून करण्याइतका विचार मी कधी केलाय?

मी ओरडलो. “गिल सोदाम!”

आडनावासकट. घोषात आडनावासकटच घेतात.

रियॉन मॅडम आवाज न काढता नुसते ओठ हलवत होत्या. ते ओठ थांबले. सूर मात्र चालूच राहिला. पापणी लवण्याइतकंच, पण मी पाहिलं, आणि माझ्या बाजूला उभा असलेला कॅमेरा माझ्याहून जवळ होता.

“कोण रे तो दीडशहाणा?” जंगिमकाकू माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं मी कुणा दुसऱ्याच गटातल्या गायिकेचं नाव घेतलं.

संध्याकाळी टीव्हीवर तेच लागलं. ध्वनीवाल्यांनी माझी आरोळी काढून टाकायचा प्रयत्न केला म्हणे. पण ती तुझ्या सुरावर अशी बसलीये की आरोळी काढली तर सूरही जातो.

टीव्ही बंद करून लगेच लिहायला बसलोय. अक्षर बघतेच आहेस.

हानसोल


१९ ऑक्टोबर

नूना,

दार वाजलं की मी पलंगावर पाय वर घेऊन बसतो.

या खुराड्यांच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारांना एकच कुलूप. दार लागलं की चार सूर वाजवतं आणि गप्प होतं. आधी मला ते कधी ऐकूही यायचं नाही. आता बोळात कुणाचंही दार लागलं की ते चार सूर येतात, आणि नंतरच्या शांततेत मला माझीच आरोळी ऐकू येते.

तो तुकडा सगळीकडे फिरतोय. ओठ थांबले आणि सूर चालू राहिला, एवढंच, परत परत, हळू करून. खाली प्रश्न एकच: गिल सोदाम कोण? लोकांनी वाद्यं वजा करून नुसता आवाज काढलाय, रियॉन मॅडमच्या जुन्या गाण्यांशेजारी ठेवलाय. काहीजण म्हणतात, काही फरक नाही. काहीजण म्हणतात, फरक आहे. नव्या पोरी म्हणतात, म्हाताऱ्यांनो, गप्प बसा. आणि सगळे मिळून तुझा फोटो शोधतायत.

फोटो नाही, हे आपलं नशीब.

सहा वर्षं तू त्या दुसऱ्या कंपनीच्या तळघरात घाम गाळलास. रोज वजनकाटा, दर महिन्याला परीक्षा. शेवटच्या परीक्षेत ते तुझ्या तोंडावर म्हणाले होते, आवाज चालेल, चेहरा नको. त्यानंतर तू कुणाला फोटो काढू दिला नाहीस. माझ्यासोबतसुद्धा नाही. तुझ्या वाढदिवसाला मी हट्ट धरला तर उठून गेलीस. “मला ऐका,” म्हणालीस, “बघू नका.” आणि मी काय केलं? अख्ख्या देशाला तुझं तोंड बघायला पाठवलं.

वर्गातला तो लांब मानेचा मुलगा आठवतो? त्यानं मला त्या तुकड्यात ओळखलं आणि लिहून टाकलं की हा आमच्याच वर्गातला, अर्ध्यात पळालेला, गेटमागच्या सुंदे-सूपच्या दुकानातल्या पोरीच्या मागे होता. झालं. काल दुपारी एक बातमीदार तुझ्या आईच्या दुकानात.

तुझ्या आईनं, म्हणजे काकूंनी, मला फोन केला, आडनावानंच हाक मारून.

“काय रे प्यो, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, अक्कलही तिथेच ठेवून आलास का?”

“काकू, मी...”

“गप्प. तो माणूस आला, एक वाटी सूप घेतलं, आणि विचारतो, तुमची मुलगी गाते का? मी म्हटलं, आमच्या घरात गातो तो भाताचा कुकर. तोही शिजून झाल्यावरच.”

“मग?”

“मग काय. हसला. फोटो मागितला. मी उकळत्या सुपाचा डाव त्याच्या वहीजवळ नेला. गेला. पण तो परत येईल. आणि तो आला नाही तर दुसरा येईल.” मग त्यांचा आवाज बसला. “बहिणीचा फोन आला होता. पोरगी जेवत नाही. किनाऱ्याला नाव लागली की खिडकीचा पडदा ओढते.”

मी विचारलं, “माझी पत्रं ती वाचते का?”

“उघडत नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“टाकतही नाही,” काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

कालपासून मी त्या दोन वाक्यांवर जगतोय.

टपरीवर गेलो तर तिथली मुलगी आधी फोनकडे बघते, मग माझ्याकडे. टोपी घातली, तोंडाला मास्क लावला. तरीही वाटतं मागून कुणी माझं नाव घेईल. आडनावासकट. आता कळतंय तसं ऐकून काय होतं ते.

त्यात सक्तीच्या लष्करी सेवेचं पत्र आलं. कॉलेजात होतो तोवर थांबले होते, आता नाव कापलं गेल्यावर बोलावणं. हिवाळ्यात जायचंय. आई फोनवर रडली. मला, खरं सांगू, बरं वाटलं. डोकं भादरल्यावर मला कोण ओळखणार?

पण तुला लपायला लष्कर नाही.

हानसोल


२१ ऑक्टोबर, जलद टपालानं

नूना,

हे उघड. बाकीची राहू देत. हे उघड. मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय आणि रविवारच्या आत हवंय.

काल बोंगसाहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत तेव्हाच त्यांना जपायचं असतं. कपात जवाची कॉफी ओतली, माझ्यासमोर सरकवली.

“प्यो, तू प्रेमात आहेस का रे?”

मी कप उचलला.

“चांगलं आहे. मग असं कर. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगायचं, सोदाम ही माझी जुनी मैत्रीण, मला सोडून गेली, मी वेडापिसा झालो, गाणं ऐकून तिची आठवण आली, ओरडलो. आणि तिला सारेगमसुद्धा येत नाही. लोक तुला वेडा म्हणतील, चार दिवस शिव्या देतील. मग विसरतील. नाव, आवाज, दोन्ही वेगळे होतात. कळलं?”

मी उसळलो. तू ओळखतेस मला. म्हणालो, “तिला गाता येत नाही असं मी म्हणायचं? मी? मरेन पण म्हणणार नाही! तुम्ही तिचा आवाज चोरलात!” कप सांडला. बोंगसाहेबांनी निमूट टेबल पुसलं. म्हणाले, “मॅडमना घरी सोडून ये.”

गाडीत रियॉन मॅडम पुढे बसल्या, माझ्या शेजारी. त्या कधी पुढे बसत नाहीत. गळ्याला स्कार्फ, हातात गरम पाण्याचा थर्मास. पूल लागला तसं म्हणाल्या, “खिडकी लाव.” आवाज ऐकून मी ब्रेक मारणार होतो. लाकडावर करवत घासावी तसा.

“हा माझा आवाज,” त्या म्हणाल्या. “घाबरलास ना? मीही रोज सकाळी घाबरते.”

मग त्यांनी सांगितलं. थांबून थांबून, मधे पाणी पिऊन. उन्हाळ्यात घशात गाठी निघाल्या. ती ओळ त्यांनी दिवसच्या दिवस गाऊन बघितली. वरचा सूर लागायचाच नाही, नुसती हवा यायची. शेवटच्या दिवशी तोंडातून रक्त आलं तेव्हा तू काचेच्या पलीकडून आत आलीस, त्यांच्या हातून हेडफोन काढून घेतलास आणि म्हणालीस, “राहू दे माझा. कुणाला कळणार नाही. मी तुमच्याकडूनच शिकलेय, तुमच्यासारखीच गाते.”

चोरला नव्हता. तू दिलास.

मला सांगता आलं नसतं का तुला? हे मी मॅडमनाच विचारलं, चिडून. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

“मीही तिला म्हटलं होतं, कुणालाच कळणार नाही कशावरून? ती म्हणाली, एकाला कळेल. पहिल्याच श्वासाला कळेल. आणि त्याच्या पोटात राहणार नाही.” मग माझ्याकडे बघून, “म्हणून गेली ती, बाळा. लोकांना भिऊन नाही. तुला भिऊन.”

नूना, मी गाडी पुलाच्या पलीकडे कशी नेली मला आठवत नाही.

मी तुझ्या मागे आलो असं मला वाटायचं. आणि तू माझ्यापासून पळत होतीस.

आता रविवारचं. रविवारी दुपारी मॅडम रेडिओवर आहेत. ऐकणारे हट्ट धरून बसलेत की ती ओळ तिथल्या तिथे, वाद्यांशिवाय गाऊन दाखवा. मॅडम गाणार नाहीत. त्यांनी ठरवलंय, बोंगसाहेबांच्या मनाविरुद्ध. त्या सांगणार, माझा गळा गेलाय आणि ती ओळ माझी नाही.

“माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर सूर म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात तो माझा नाही,” म्हणाल्या. “हे घेऊन मला म्हातारं व्हायचं नाही. तिचं नाव मी घेणार नाही. मरेपर्यंत नाही.” मग उतरताना, दार धरून, “पण नाव तर तू आधीच घेतलंयस.”

समजतंय ना तुला? त्यांनी कबूल केल्यावर लोकांना आवाज मिळेल. माझ्यामुळे नाव मिळालंय. दोन्ही एकाला एक जोडले की बेटावर पुढच्या नावेला कॅमेरे उतरतील. मधे उभं राहायला एकच माणूस आहे, आणि तो बोंगसाहेबांनी सांगितलं ते बोलला तरच. म्हणजे मी जगासमोर बसून म्हणायचं की तुला गाता येत नाही.

याआधी मी तुला न विचारता बोललो. या वेळी विचारतोय. बोलू का? की खरं सांगू, उभं राहून, की हा आवाज तिचा आहे, तिला ऐका? तुला तेच हवं असेल तर मी रेडिओच्या दारात जाऊन ओरडेन. तुला यातलं काहीच नको असेल तर तेही सांग. मी गप्प राहायला शिकेन. मला फार भीती वाटते. कशाची जास्त वाटते ते कळेनासं झालंय: तू उत्तर देणार नाहीस याची, की देशील याची.

हानसोल


२६ ऑक्टोबर, रविवार सकाळ

नूना,

काल दुपारी खोकं आलं. आत योकजीची रताळी, मातीसकट, आणि वर मावशींच्या अक्षरात ‘उकडून खा, तळू नको’. मी सगळी रताळी जमिनीवर ओतली. तळाशी माझंच पाकीट होतं. जलद टपालाचं, उघडलेलं.

पाठीमागे तू लिहिलंयस ते मला पाठ झालंय, तरी इथे उतरवतो:

‘सांग की मला गाता येत नाही. तू सांगितलंस तर लोकांना पटेल. तुझ्या पोटात काही राहत नाही हे आता सगळ्या देशाला माहीत आहे. मॅडमना म्हणावं, घसा शेकत जा. आणि मला नूना म्हण.’

मी हसलो, नूना. जमिनीवर मातीत बसून हसलो. मग जे झालं ते लिहीत नाही.

सकाळपासून आरशासमोर उभा आहे. वाक्य एवढंसं. सोदामला गाता येत नाही. चार शब्द. पहिल्यांदा म्हटलं तर घशातून निघेना. मग निघालं, पण कुणालाही कळावं इतकं खोटं. मग मी तुझा विचार करायचं सोडलं आणि पडदा ओढलेल्या त्या खिडकीचा विचार केला. या वेळी जमलं. आणि मग लक्षात आलं, वाक्य म्हणायच्या आधी मी श्वास घेतला होता. अर्धाच.

तासाभरात ऑफिसात कॅमेरा लागेल. आधी मी, मग रेडिओवर मॅडम. बोंगसाहेबांना कळवलंय. ते म्हणाले, “इस्त्रीचा शर्ट घाल, वेडा दिसलास तरी चालेल, गबाळा नको.” जंगिमकाकूंनाही कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा निरोप आलाय: ‘तू आमच्या गप्प ठोक्यात ओरडलास. तुला मी जन्मात माफ करणार नाही. जेवलास का?’

नाही जेवलो. एक रताळं उकडलंय, ते खिशात आहे, गरम.

आजनंतर मला कुणी या धंद्यात उभं करणार नाही. माझं तोंड घरोघर दिसेल, खाली काय काय लिहिलेलं असेल ते आई वाचेल. याचं काही वाटत नाही असं म्हणालो तर तू म्हणशील, बघ, परत खोटं. वाटतं. पण सगळ्यात जास्त भीती याची वाटते की मी ते वाक्य इतकं चांगलं म्हणेन की एखाद दिवशी तूही त्यावर विश्वास ठेवशील. म्हणून फक्त इथे, फक्त एकदा लिहून ठेवतो: नूना, त्या दिवशी हॉलमध्ये इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. हे आता माझ्या पोटात राहील. बघशीलच.

बेटावर येणार नाही. बोलावलंस तर येईन, डोकं भादरलेलं असेल, हसू नकोस.

बूट घातलेत. हे मी बुटांच्या फळीवर कागद टेकून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. टपालपेटी जिन्याखालीच आहे. बोळात आत्ता कुणी नाही. मी निघतो, दार ओढून घेतो. कुलूप चार सूर वाजवेल. त्यानंतरच्या जागेत मी या वेळी काही म्हणणार नाही.